वैशालीचं गाऱ्हाणं

माझ्या दवाखान्यात खरी तक्रार खुर्चीत बसून कधी सांगितली गेली नाही. ती दारात सांगितली जायची. बाई आत यायची, डोकं दुखतं, अन्न गोड लागत नाही, पायात गोळे येतात असं काहीबाही सांगायची, गोळ्यांची पुडी पिशवीत टाकायची आणि उंबऱ्याशी गेल्यावर मागे वळून म्हणायची, "बाई, आनी एक व्हता." ते 'आनी एक' म्हणजेच दुखणं. आधीची सगळी प्रस्तावना. पुढे पुढे मी दाराशीच एक स्टूल ठेवलं आणि शेवटी तिथे जाऊन बसू लागले. पुरुष डॉक्टर मला हसत, पण त्यांच्याकडच्या बायका त्या दारातून न बोलताच घरी जात हे त्यांना कोण सांगणार?

संपादकांनी पत्र पाठवून 'डॉक्टरीणबाईंचे गमतीदार अनुभव' मागितले आहेत. गमती पुष्कळ आहेत. केळशीकडची एक बाई टेपरेकॉर्डर बगलेत मारून आली होती. नवरा आखातात. त्या काळात पत्रांऐवजी कॅसेटा यायच्या-जायच्या, आणि नवऱ्याने त्या कॅसेटमध्ये बायकोच्या दुखण्याबद्दल मला प्रश्न विचारले होते. त्याचा एकेक प्रश्न ऐकून, बटण दाबून, मी उत्तरं बोलत होते आणि जिचं दुखणं ती बाई बाजूला गप्प बसून होती. तिला काय होतंय हे समुद्रापलीकडचा नवरा सांगत होता. मी त्या दिवशी घरी येऊन पोट धरून हसले. नंतर एकदा हसू आटलं, ते वैशालीमुळे. तेव्हा संपादकांची माफी मागून मी आज वैशालीचंच लिहिते. नावं अर्थात बदलली आहेत, गावाचं नाव लिहीतच नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गणपतीचे दिवस होते, म्हणजे चाकरमानी गावात होते आणि घरोघरचे तुंबलेले निर्णय मार्गी लागत होते. आमच्याकडे बायकांची आणि मुलांची आजारपणंसुद्धा मुंबईच्या रजेची वाट बघायची. खोकला, ताप चालून जाई. पण दवाखान्याची पायरी चढायची, ऑपरेशन करायचं की नाही, हे घरचा पुरुष येईल तेव्हाच ठरायचं. तो गणपतीला नाहीतर शिमग्याला यायचा. मधल्या महिन्यांत दुखण्याने सबुरीने घ्यायचं.

शांताराम मुंबईत एका कंपनीच्या कँटीनमध्ये होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बोलण्यात मुंबईची ऐट आणि मधूनच घसरून गावचा सूर. त्याची बायको अनुसया, वाळकी, ताठ मानेची, भात लावणारे हात. तिच्या कडेला चार वर्षांची मुलगी. नाव वैशाली, हे बापाने मुंबईत ऐकून ठेवलेलं. आजीला ते जड जायचं, म्हणून घरात वैशी. मुलगी गोड होती आणि माझ्या टेबलावरच्या पेपरवेटवर तिचा पहिल्या क्षणापासून डोळा होता.

शांतारामने उभ्यानेच सांगून टाकलं. मुलीला जन्मापासून बाईमाणसाची जागाच नाही. तिला मूल होणार नाही, तिचं लग्न होणार नाही. तालुक्याच्या एका मोठ्या डॉक्टरांनी मुंबईला ऑपरेशन करायला सांगितलं आहे, आणि ते केलं तरी खात्री नाही म्हणालेत. हे सगळं तो माझ्या डोक्यावरच्या कॅलेंडरकडे बघत बोलला. मी विचारलं, डॉक्टरांनी मुलीला तपासलं का? तर तो म्हणाला, "पुरुष डॉक्टरला कशी दाखवणार? मी तोंडी समजावून सांगितला सगला."

आणि तुम्ही स्वतः बघितलंत? छे, बाप कसा बघणार. त्याला त्याच्या आईने सांगितलं होतं. आईला सुनेने. सुनेने मुलीला आंघोळ घालताना पाहिलं होतं, तेही मुलगी लघवी करताना रडते म्हणून. म्हणजे अनुसयेने पाहिलं, सासूने ऐकलं, शांतारामने आईच्या आडपडद्याच्या शब्दांतून समजून घेतलं आणि डॉक्टरांनी शांतारामच्या त्याहून आडपडद्याच्या शब्दांतून निदान केलं. इतक्या लाजऱ्या तोंडांतून गेल्यावर त्या पोरीच्या अंगाचं काय उरणार होतं?

मी शांतारामला बाहेर बाकावर बसवलं. लहान मुलींना मी टेबलावर कधी झोपवलं नाही. आईच्या मांडीवर, आईचाच हात धरून, एका नजरेत काम उरकायचं. पेपरवेट वैशालीच्या हाती दिला, त्यातल्या रंगीत फुलात ती रमली, आणि तेवढ्यात माझं बघून झालं. मी हात धुतले. खरं सांगते, मला रडू येईल असं वाटलं, पण आला तो संताप.

बाहेरच्या वाचकाला हे दुखणं सांगायला हवं, कारण अजूनही किती तरी घरांत ते माहीत नसतं. अगदी लहान मुलींच्या शरीरात बाईपणाचा रस अजून तयार होत नसतो, त्यामुळे तिथली कातडी फार नाजूक असते. ओलं राहिलं, खाज आली, लाली आली, की ती सोलवटते आणि भरून येताना शेजारची कातडी शेजारच्या कातडीला चिकटते. दुधावर साय धरते तसा पातळ पापुद्रा धरतो. आतलं सगळं जिथल्या तिथे, जसंच्या तसं असतं. हे जन्मापासूनचं नसतं. पुष्कळदा मुलगी मोठी होताना आपोआप सुटतं. त्रास होत असेल तर एक मलम असतं, ते हलक्या बोटाने काही आठवडे लावायचं. कापायचं नाही, ओढायचं तर मुळीच नाही. इतकंच. ताप उतरवायला कधी कधी याहून जास्त खटपट पडते.

हे मी अनुसयेला तिच्या भाषेत सांगितलं. ती ऐकत होती की नाही कळेना. तिने मुलीचा फ्रॉक नीट केला, पुन्हा नीट केला, आणि मग एवढंच विचारलं:

"बाई, म्हंजी ही पोरगीच हाय ना?"

मी म्हटलं, पोरगीच आहे, तुझ्यामाझ्यासारखी. त्यावर ती पदर तोंडात कोंबून रडली. वैशाली आईकडे बघून घाबरली आणि तिने पेपरवेट आईला देऊ केला.

शांतारामला आत बोलावून सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना. मलम म्हणजे नुसतं मलम? एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि तुम्ही मलम म्हणता? दुखणं स्वस्त निघालं की माणसाला फसवल्यासारखं वाटतं, हे मी धंद्यात पुष्कळ पाहिलंय. मग मी विचारलं की ऑपरेशन ठरलं होतं तर मुंबईला न नेता माझ्याकडे कसे आलात? तर त्याने सरळ सांगितलं, देवीने पाठवलं.

झालं होतं असं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितल्यावर घरच्यांनी ग्रामदेवीला कौल लावायचं ठरवलं. कौल लावायचा तर आधी गाऱ्हाणं घालावं लागतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: देवळात गावकरी जमतात, गुरव देवीसमोर उभा राहून घराचं नाव घेऊन संकट खणखणीत आवाजात मांडतो, आणि प्रत्येक वाक्याला सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात. देवीपासून काही लपवायचं नाही, म्हणून गावापासूनही लपत नाही. मग देवीच्या अंगावर कळ्या चिकटवतात आणि कुठल्या बाजूची कळी पडते त्यावरून होय की नाही ते समजतात. जे शब्द शांतारामने डॉक्टरांसमोरसुद्धा धड उच्चारले नव्हते, ते गुरवाने सगळ्या गावासमोर मोठ्याने उच्चारले होते. चार वर्षांच्या मुलीचं नाव घेऊन. देवीने मुंबईला नकार दिला होता. मग जवळपास कुठे दाखवायचं का असं विचारल्यावर होय असा कौल आला. जवळपास म्हणजे मी.

त्या दगडाच्या देवीने एका निरोगी मुलीला सुरीखालून वाचवलं होतं, आणि ज्याच्या पाटीवर पदव्यांची रांग होती त्याने तिला सुरीखाली पाठवलं होतं. मी विज्ञान शिकलेली बाई. माझ्यावर काय वेळ आली ती तुम्हीच समजून घ्या.

मलम तेव्हा तालुक्याच्या गावी, खेडलाही मिळत नसे. शांतारामने मुंबईला परत गेल्यावर ते घेतलं आणि गावच्या एका माणसाबरोबर धाडलं. सासूने बोट लावू देणार नाही म्हणून थोडे दिवस कटकट केली. मग अनुसयेने तिला काय सांगितलं कोण जाणे, पण मलम लावलं गेलं. आठवड्याच्या बाजाराला आली की ती मुलीला दाखवून जायची. पापुद्रा पातळ झाला, मग सुटला. लघवीचं रडणं थांबलं. दिवाळी उलटून थोडे दिवस झाले असतील, मी म्हटलं, आता मलम बंद. स्वच्छ ठेव, कोरडं ठेव, थोडं खोबरेल लाव, आणि हे सगळं विसरून जा.

अनुसया उठली, पिशवी घेतली, दारापर्यंत गेली. मी स्टुलावर जाऊन बसले, मला माहीत होतं.

"बाई, पोर बरी झाली. गावाला कसा बरा करायचा?"

मग ती बोलत राहिली. पाणवठ्यावर बायका आपल्या मुलींना वैशालीजवळ बसू देत नाहीत. नात्यातल्या बायका "बघू गो" म्हणत घरात शिरतात, यात्रेत दोन तोंडांचं वासरू बघायला जातात तसं, आणि तिला दाराला कडी लावून बसावं लागतं. वाडीतल्या पोरांनी मुलीला एक नाव पाडलं आहे. ते नाव तिने मला सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही. वैशालीला त्याचा अर्थ कळत नव्हता, ती त्या नावाला ओ देत होती.

त्याच सुमारास तालुक्यातल्या डॉक्टरांचं एक स्नेहभोजन होतं. ते पदव्यांवाले डॉक्टर भेटले. माणूस वाईट नव्हता, हात हलका, गरिबाला कधी अडवलं नाही. मी त्यांना बाजूला घेऊन वैशालीचं सांगितलं. ते म्हणाले, "बाप बघू देईना, बाई. मी जबरदस्ती करू?" मी म्हटलं, करू नका. पण 'मी बघितलेलं नाही, मला माहीत नाही', एवढं तर तुम्हाला म्हणता आलं असतं. त्यावर ते मोकळेपणाने हसले.

"डॉक्टर 'माहीत नाही' म्हणाला तर पेशंट पुन्हा येतो का?"

आणि त्यांनी माझ्या ताटात जिलबी वाढायला सांगितली. मला आजही त्या माणसाचा राग येतो, आणि त्याहून जास्त याचा येतो की त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. 'माहीत नाही' हा शब्द आमच्या धंद्यात सगळ्यात महाग. पेशंटला तो ऐकायचा नसतो आणि आम्हाला तो उच्चारायचा नसतो, आणि मधे एखादी वैशाली सापडते.

शिमग्याच्या आधी शांताराम रजेवर आला आणि गावच्या मानकऱ्यांना घेऊन माझ्याकडे आला. मानकरी तात्या म्हातारे, पांढऱ्या टोपीचे, बोलायला मऊ. पालखी सहाणेवर बसते त्या दिवशी देवीचं गाऱ्हाणं फेडायचं आहे, तुम्ही यायला पाहिजे, तुमच्या हातचा गुण आहे, असं त्यांनी आग्रहाने सांगितलं. सहाण म्हणजे गावातला पालखी बसवायचा चौथरा, तिथे अख्खा गाव जमतो.

मी त्यांना चहा दिला आणि स्पष्ट बोलले. मुलगी बरी झाली, आनंद आहे. पण तिच्या अंगाबद्दल पुन्हा एक अक्षर गावासमोर निघता कामा नये. ती शाळेत जाईल, मोठी होईल, तिच्या कानांवर हे पडेल. फेडायचं तर देवळाच्या गाभाऱ्यात फेडा, गुरव आणि आईबाप, बस. शांताराम मान हलवत राहिला. मग म्हणाला, "पन बाई, तुमच्याकडं आमाला कोनी पाठवला? देवीनंच ना?" त्याला वाटत होतं ते चुकीचंही नव्हतं. ज्या गावाने ऐकलं की मुलगी अशी आहे, त्याच गावाने ऐकायला पाहिजे की ती तशी नाही. नाहीतर तिच्याशी लग्न कोण करणार? बापाला लेकीची काळजी होती. ही काळजी नसती तर मला भांडायला किती सोपं गेलं असतं.

शेवटी तोड निघाली. गाऱ्हाणं सहाणेवर होईल, पण 'लेक आजारी होती, आता बरी झाली' एवढंच म्हणायचं. काय आजार, कुठला, त्याचा उच्चार नाही. तात्या म्हणाले, "तुमच्या सबदाभायेर नाय जानार, बाई." मी विश्वास ठेवला.

शिमग्याला मी गेले. दुपार टळली होती. सहाणेवर पालखी, भोवती गुलाल, ढोल नुकताच थांबलेला. मुंबईकर नव्या शर्टांत, बायका एका अंगाला. मला मानाने पुढे पाटावर बसवलं. अनुसया माझ्या शेजारी आली. वैशाली बापाबरोबर पुरुषांत, पालखीच्या अगदी जवळ, नवा गुलाबी फ्रॉक घालून उभी होती. केसांना रिबिनी, गालांवर गुलाल. ज्या बायका तिला जवळ करत नव्हत्या त्यातल्या दोघी-तिघींनी येताना तिच्या गालावरून हात फिरवलेला मी पाहिला. मला वाटलं, चला, जमतंय.

गुरवाने हातात नारळ घेतला. आधी देवीची सगळी नावं, मग गावाचं, मग घराण्याचं, मग शांतारामचं. प्रत्येक वाक्याला शेकडो गळ्यांतून 'व्हय म्हाराजा'. अंगावर काटा येतो त्या आवाजाने, हे मी नाकारत नाही. आणि मग तो म्हणाला, "ह्येच्या लेकीची, वैशालीची, बाईमानसाची वाट तू जन्माला घालताना बंद ठेवलीस, म्हनून भादव्यात तुला गाऱ्हाना घातला व्हता."

"व्हय म्हाराजा."

मी तात्यांकडे बघितलं. त्यांनीही माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, फसवल्याची चलबिचल नव्हती. ते वाकून माझ्या कानाशी समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, ज्या सबदांत घातला त्याच सबदांत फेडायला लागतो. देवीपाशी काटछाट कशी करनार? उद्या पोरीलाच भोवायचा." त्यांनी मला शब्द दिला तेव्हाही त्यांना हे माहीत होतं. मला बरं वाटावं म्हणून त्यांनी तो दिला होता, जसा आम्ही डॉक्टर देतो. मी उठून ओरडले असते तर? काय ओरडणार होते? ओरडायला पुन्हा त्याच पोरीच्या अंगाचं नाव घ्यावं लागलं असतं.

गुरव पुढे सरकला. ती वाट आता तू मोकळी केलीस. डॉक्टरीणबाईंच्या हातून तूच केलीस. मलमात तूच होतीस. शेजारी अनुसया पदर घट्ट आवळून खाली मातीकडे बघत होती. मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

वैशालीला मजा येत होती. एवढी मोठी माणसं, सगळी एकदम ओरडतात, आणि ओरडण्याआधी तिचं नाव येतं. तिला चाल सापडली. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला तिने दोन्ही हात वर केले आणि सगळ्यांच्या सुरात आपला बारीक सूर मिसळला. माणसं कौतुकाने हसली. शांतारामचे डोळे भरून आले. त्याने लेकीला उचलून खांद्यावर घेतलं, देवीला आणि गावाला नीट दिसावी म्हणून.

गुरवानेही हसून तिच्याकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य घेतलं. आता ही पोर लग्नाला, लेकराला, सगळ्याला लायक झाली, असं काहीसं ते होतं. ते पुरं व्हायच्या आतच खांद्यावरून वैशाली ओरडली, "व्हय म्हाराजा." आणि तिच्या मागून सगळा गाव ओरडला.